फुजिनोमियाचा उलटा फुजी: म्युझियमला जाण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

जपानात राहायला लागल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. चेरीच्या मोसमात तर घराची धर्मशाळा होते. येणाऱ्या प्रत्येकाला फुजी पर्वत बघायचा असतो आणि मी प्रत्येकाला फुजिनोमिया गावातल्या एका म्युझियमला नेते. मग निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येतात. सारखं सारखं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

हे नक्की कुठलं म्युझियम? कावागुचिको तळ्याजवळचं का?

नाही, आणि हा घोळ इतक्यांनी घातला आहे की पहिलं उत्तर याचंच. फुजी दोन प्रांतांच्या सीमेवर उभा आहे. उत्तरेला यामानाशी, दक्षिणेला शिझुओका. २०१३च्या जूनमध्ये फुजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि पुढे दोन्ही प्रांतांनी आपापलं 'फुजिसान जागतिक वारसा केंद्र' उभारलं. नाव जवळपास एकच! यामानाशीचं केंद्र कावागुचिकोच्या बाजूला आहे. तिथे जपानी हातकागदाची फुजीची भलीमोठी प्रतिकृती आहे. मी लिहितेय ते शिझुओकाचं. ते फुजिनोमिया गावात आहे आणि २३ डिसेंबर २०१७ला उघडलं. नकाशात नुसतं 'फुजी हेरिटेज सेंटर' टाकलंत तर फोन तुम्हाला डोंगराच्या पलीकडे नेऊन सोडेल. 'फुजिनोमिया' हा शब्द हवाच.

बाहेरून फोटोत ते लाकडी टोपलीसारखं दिसतं, ते काय आहे?

तो फुजीच आहे, पण उलटा. शिगेरू बान या वास्तुविशारदाची ही इमारत. कागदी नळ्यांपासून भूकंपग्रस्तांसाठी निवारे बांधणारे ते हेच. २०१४ साली त्यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. काचेच्या चौकोनी इमारतीतून एक उलटा शंकू बाहेर येतो. खाली निमुळता, वर पसरट, आणि त्यावर हिनोकी लाकडाची जाळी. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस, देवळांसाठी वापरतात ते लाकूड. हे लाकूड फुजीच्याच परिसरातलं आहे.

उलटा का, ते समोरच्या पाण्यात बघितलं की कळतं. इमारतीपुढे उथळ हौद आहे. त्यात पडलेलं प्रतिबिंब मात्र सुलट असतं, टोक वर आणि पायथा खाली, अगदी फुजी. वारा आला की डोंगर विस्कटतो आणि थांबला की पुन्हा जुळून येतो. माझी भाची तिथे वीस मिनिटं बसून 'आता मोडला, आता झाला' असं म्हणत होती. तिकीट काढायच्या आधीच, फुकटात. संध्याकाळी आतले दिवे लागल्यावर जाळी पेटत्या कंदिलासारखी दिसते, तेव्हा परतीची गाडी जरा उशिराची धरा.

आत नेमकं करायचं काय? काचेच्या कपाटातल्या वस्तूच बघायच्या ना?

आत गेलात की चढायचं. त्या शंकूच्या आतून १९३ मीटर लांबीची गोल गोल जाणारी चढण पहिल्या मजल्यावरून पाचव्यापर्यंत जाते. पायऱ्या नाहीत, सौम्य उतार आहे. भिंतीवर टाइमलॅप्स चित्रफिती चालू असतात. सुरुवात समुद्राजवळून होते, मग रानं लागतात, मग झाडी विरळ होत जाते, दगडगोटे येतात, आणि शेवटी ढग खाली राहतात. ढग झपाझप सरकतात, ऊन फिरतं, रात्र होते, आणि तुम्ही आपले चालत असता.

सुरुवात समुद्रापासून का? फुजीच्या दक्षिणेला सुरुगा आखात आहे. जपानातलं हे सगळ्यात खोल आखात, जवळपास अडीच हजार मीटर. म्हणजे आखाताच्या तळापासून ३,७७६ मीटरच्या शिखरापर्यंत सहा हजारांहून जास्त मीटरचा उंचसखलपणा एकाच प्रांतात. कावागुचिकोच्या बाजूने फुजी तळ्याकाठच्या शोभेच्या चित्रासारखा वाटतो. या बाजूने तो समुद्रातून वर आलेला वाटतो. मला ही बाजू जास्त आवडते. कुणी भांडायला आलं तरी मत बदलणार नाही.

त्या चढणीवरची एक गंमत सांगते. भिंतीवर मधूनच गिर्यारोहकांच्या सावल्या येतात. काठी टेकत, पाठीवर ओझं घेऊन, एकामागून एक वर जाणाऱ्या. बाबांना नेलं तेव्हा एक सावली मागून आली आणि बाबा चक्क बाजूला सरकून उभे राहिले. "जाऊ दे त्यांना पुढे, आपल्याला काय घाई आहे?" मी म्हटलं, बाबा, सावली आहे ती. म्हणाले, "माहितेय गं." पण पुढच्या सावलीलाही त्यांनी वाट दिली.

वरून परत येताना बाकीची दालनं बघायची. एक ज्वालामुखी म्हणून फुजीबद्दल, एक श्रद्धेबद्दल, एक चित्रं आणि साहित्याबद्दल, एक पाणी, झाडं आणि प्राण्यांबद्दल. काचेच्या कपाटांपेक्षा पडदे, प्रकाश आणि हात लावून बघायच्या गोष्टी जास्त. मोठ्या पडद्याचं छोटं चित्रपटगृहही आहे. पाय दुखायला लागले की तिथे बसा, सगळ्यांची सोय होते.

किती वेळ लागतो?

घाईत पाऊण तास, नीट बघितलंत तर दोन तास. शेजारचं देऊळ आणि जेवण धरून अर्धा दिवस ठेवा. एका दिवसात फुजिनोमिया आणि कावागुचिको दोन्ही कोंबायचा बेत असेल तर माझ्याकडून आत्ताच नकार. मधे सरळ रेल्वे नाही, डोंगराला वळसा घालून बसने जावं लागतं.

तिकीट आणि वेळा?

मोठ्यांना ३०० येन. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्या मुलांना आणि ७० वर्षांवरच्यांना फुकट. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा, विद्यार्थ्यांनी ओळखपत्र. सकाळी ९ ते संध्याकाळी ५, जुलै-ऑगस्टमध्ये ६ पर्यंत, आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा तास आधी. महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी सुट्टी असते, वर्षाच्या शेवटीही काही दिवस बंद. निघायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका, कारण आमच्या बिल्डिंगमधले एकजण बरोबर तिसऱ्या मंगळवारी जाऊन हौदातलं प्रतिबिंब बघून परत आले आहेत.

टोकियोहून कसं जायचं?

तीन वाटा आहेत.

पहिली, शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, शिन-फुजी स्टेशन. टोकियोहून साधारण सव्वा तास. इथे फक्त 'कोदामा' गाडी थांबते, हे पाठ करा. 'नोझोमी' थांबत नाही. माझी नणंद आणि तिचे यजमान जास्त वेगाची म्हणून नोझोमीत बसले. शिन-योकोहामा सोडल्यावर ती गाडी थेट नागोयाला थांबते. शिन-फुजी त्यांनी खिडकीतून बघितलं, साधारण तीन सेकंद. फुजी मात्र छान दिसला म्हणे. शिन-फुजीहून फुजिनोमियाला बस आहे, अर्धा-पाऊण तास धरा.

दुसरी, तोकाइदो मार्गाच्या साध्या गाडीने फुजी स्टेशन, तिथे मिनोबू मार्गाची गाडी बदलून फुजिनोमिया. वेळ जास्त, पैसे कमी. इथेही एक मेख आहे. शिन-फुजी आणि फुजी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, एकमेकांना जोडलेली नाहीत. दादर मध्य आणि दादर पश्चिमसारखा पूल ओलांडला की झालं, असं इथे नाही.

तिसरी, टोकियो स्टेशनहून थेट बस. तिचं नाव 'याकिसोबा एक्स्प्रेस', म्हणजे परतलेल्या नूडल्सच्या नावाची एसटी. नाव असं का, ते खाण्याच्या प्रश्नात येईल.

फुजिनोमिया स्टेशनवरून म्युझियम चालत आठ-दहा मिनिटं. भलीमोठी लाल कमान दिसली की पोचलात.

फुजी दिसेल ना? तोच बघायला तर चाललोय.

खरं सांगू? हमी नाही. पाचव्या मजल्यावर, चढण संपते तिथे, एक सभागृह आहे. समोरची अख्खी भिंत उघडी, आणि त्या चौकटीत फुजी. आकाश मोकळं असेल तर माणसं बोलायची थांबतात. नसेल तर चौकटीत पांढरा ढग, आणि सगळे त्याच ढगाचा फोटो काढत असतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, ही सगळ्यात भरवशाची वेळ. उन्हाळ्यात फुजी कित्येक दिवस तोंड दाखवत नाही. जूनमध्ये पावसाळा, त्याबद्दल बोलायलाच नको. आणखी एक, पांढरी टोपी बघायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊ नका. तेव्हा डोंगर तपकिरी असतो आणि लोक मला विचारतात, "हाच का तो?" पहिला बर्फ सरासरीने ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिसतो. २०२४ साली मात्र थेट ७ नोव्हेंबर उजाडला, १८९४पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात उशीर.

पण मी पाहुण्यांना इथेच का नेते, तर ढगाळ दिवशीही ही जागा वाया जात नाही. कावागुचिकोला फुजी दिसला नाही तर लोक दिवसभर हवामानाचं अ‍ॅप उघडून बसतात. इथे त्या डोंगराशी माणसं हजार वर्षं कशी वागली, हे बघायला मिळतं, आणि त्याला ढग आड येत नाही.

आईबाबा थकलेत, गुडघे दुखतात. जमेल?

जमेल. लिफ्ट आहे, चढणीवर व्हीलचेअर आणि बाबागाडी जाते. सगळ्यात सोपं म्हणजे लिफ्टने वर जाऊन उतारावरून खाली यावं. पण आईने ऐकलं नाही. "फुजी चढायला आले आणि लिफ्टने जाऊ?" म्हणत सगळे १९३ मीटर चालली आणि मग आठवडाभर फोनवर सगळ्यांना फुजी चढल्याचं सांगत होती. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तिच्या हिशेबाने दोन कळसूबाया आणि वर थोडं.

मुलं कंटाळतील का?

सहा-सात वर्षांच्या पुढची नाही. त्याहून लहान मुलं चढणीवर पळत सुटतात, तेवढं सांभाळा. अंधार असतो.

जपानी येत नाही.

मुख्य मजकूर इंग्रजीत आहे. चित्रांमधले बारकावे मात्र निसटतात, म्हणून दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. पूर्वी फुजी चढणं ही यात्रा होती. यात्रेकरू पांढरे कपडे घालून, काठी घेऊन, 'रोक्कोन शोजो' म्हणत चढायचे. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन ही सहाही शुद्ध होवोत, असा त्याचा अर्थ. पाच इंद्रियं आणि सहावं मन, हे गणित आपल्याकडच्या कीर्तनातही ऐकलेलं असतं. बौद्ध धर्माबरोबर ते तिकडे पोचलं. आणि १८७२पर्यंत बायकांना शिखरावर जायची बंदी होती. ताकायामा तात्सु नावाची बाई १८३२ साली पुरुषी वेशात वर जाऊन आली, ती पहिली मानतात. ज्यांना जाणं जमायचं नाही त्यांच्यासाठी एदोमध्ये, म्हणजे जुन्या टोकियोत, गल्लीबोळात फुजीचे छोटे छोटे ढिगारे रचलेले असत. खऱ्या फुजीचे दगड आणून त्यावर ठेवायचे आणि तोच चढायचा. दिवाळीतला किल्लाच म्हणा ना, फक्त वर मावळ्यांच्या जागी खरी माणसं. या उलट्या फुजीतली चढण म्हणजे त्याच प्रथेची नवी आवृत्ती आहे असं मला वाटतं.

'फुजिसान' म्हणतात, म्हणजे डोंगरालाही 'फुजीराव' म्हणतात का?

प्रत्येक सहलीत एकदा तरी हा विनोद होतो. नाही. माणसाच्या नावापुढचं 'सान' वेगळं आणि हे वेगळं. डोंगराच्या चिनी अक्षराचा एक उच्चार 'सान', दुसरा 'यामा'. इथे 'सान'च म्हणतात. 'फुजियामा' म्हटलंत तर लोक समजून घेतील, पण तो परदेशी माणसांचा उच्चार आहे. बाबा मात्र आदरानेच म्हणतात, आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

हा जिवंत ज्वालामुखी आहे म्हणे. भीती नाही ना?

जिवंत आहे. शेवटचा उद्रेक १७०७च्या डिसेंबरात झाला, मोठ्या भूकंपानंतर ४९ दिवसांनी. राख शंभर किलोमीटरवरच्या एदोपर्यंत पोचली आणि लोकांना दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. तेव्हा पडलेलं भगदाड आजही दिसतं. पाचव्या मजल्यावरून बघताना डोंगराच्या उजव्या खांद्याला जो फुगवटा आहे, त्याला लागूनच. त्यानंतर तीनशे वर्षं तो गप्प आहे. डोंगरावर चोवीस तास यंत्रांची नजर असते. म्युझियम बघायला जाताना ही काळजी नको.

ज्वालामुखीच्या दालनात महाराष्ट्रातल्या माणसाने जरा जास्त वेळ थांबावं. जपानातले बहुतेक मोठे ज्वालामुखी अँडेसाइट दगडाचे आहेत. फुजी वेगळा, तो मुख्यतः बेसाल्टचा. म्हणजे आपला काळा कातळ! सह्याद्री, रायगड, वेरूळची लेणी, सगळं बेसाल्ट. मग आपल्याकडे असा सुबक शंकू का नाही? आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून आला आणि पाण्यासारखा पसरून थरावर थर साचला. पुढे पावसाने ते थर कोरले आणि कडे तयार झाले. फुजी एका तोंडातून उसळत राहिला, राख आणि लाव्हा तिथल्या तिथे साचत गेला, म्हणून शंकू झाला. शिवाय तो अगदी कालचा आहे. आज दिसतो तो डोंगर गेल्या दहा हजार वर्षांत घडलाय. सह्याद्रीसमोर पाळण्यातलं पोर.

शेजारचं देऊळ बघण्यासारखं आहे का?

ते चुकवलंत तर अर्धं म्युझियम चुकवलंत. ती लाल कमान त्याच देवळाची, फुजिसान होंगू सेन्गेन ताइशा. जपानभरात सुमारे १,३०० सेन्गेन देवळं आहेत, हे त्यांचं मूळ पीठ. देवी कोनोहानासाकुया-हिमे, फुलणाऱ्या फुलांची. आताचं मुख्य देऊळ तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याने १६०४ साली बांधवलं, दुमजली. असं दुमजली गर्भगृह सहसा दिसत नाही. आणि वाचून चक्रावाल, पण फुजीच्या चढाईचे दहा टप्पे धरतात, त्यातल्या आठव्यापासून वरचा भाग या देवळाच्या मालकीचा आहे. सरकारशी खटला चालला, १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने देवळाच्या बाजूने निकाल दिला, आणि सरकारने ती जमीन प्रत्यक्ष देवळाला द्यायला २००४ उजाडलं. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे तिकडेही तीस वर्षं लागतात."

खायचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

इथला मान फुजिनोमिया याकिसोबाचा. २००६ आणि २००७ अशी सलग दोन वर्षं गावोगावच्या साध्या पदार्थांच्या देशव्यापी स्पर्धेत पहिला आला. नूडल्स जरा चिवट, दाताखाली लागणाऱ्या. देवळासमोरच्या गल्लीत तव्यावर तुमच्यासमोर परततात.

शाकाहाऱ्यांनी सावध. त्यात डुकराच्या चरबीचा कुरकुरीत चुरा असतो आणि वरून सुक्या माशाची पूड भुरभुरतात. "मांस नको" म्हटलंत तर दिसणारे तुकडे काढतील, पण चुरा आणि पूड यांना ते मांस धरत नाहीत. तव्याचं तर विचारूच नका. मी आईसाठी घरून मेथीचे ठेपले नेते आणि स्टेशनजवळच्या दुकानातून मीठ लावलेली भाताची ओनिगिरी घेते. ओनिगिरीतही आत काय आहे ते बघून घ्या, बहुतेकींत मासा असतो. मांसाहारी असाल तर बिनधास्त दोन प्लेटी मागवा.

हे बघून खराच फुजी चढावासा वाटला तर?

मोसम जुलै ते १० सप्टेंबर. शिझुओकाच्या बाजूच्या वाटा १० जुलैला उघडतात. २०२५पासून चारही वाटांवर माणशी ४,००० येन शुल्क आहे, शिझुओकाच्या वाटांसाठी आधी नोंदणी करून नियमांची ऑनलाइन उजळणीही करावी लागते. फुजिनोमिया वाटेचा पाचवा टप्पा सुमारे २,४०० मीटरवर आहे, तिथपर्यंत बस जाते. रायगड चढलोय म्हणून चप्पल घालून निघू नका. उन्हाळ्यातही माथ्यावर थंडीने दातखीळ बसते. हौशी लोकांसाठी आणखी एक वाट आहे, समुद्रकिनाऱ्यावर पाणी पायाला लावून शून्य मीटरपासून शिखरापर्यंत, सुमारे ४२ किलोमीटर. म्युझियमच्या भिंतीवर बघितलेलंच सगळं, फक्त खऱ्या घामासकट.

देवळातल्या तळ्याचं पाणी आणता येतं का?

देवळाच्या बाजूला वाकुतामा तळं आहे. फुजीवरचा पाऊस आणि बर्फ लाव्ह्याच्या थरांतून गाळत गाळत इथे वर येतो. पाणी वर्षभर साधारण १३ अंशाला, तळाचा प्रत्येक खडा दिसेल इतकं नितळ. पूर्वी यात्रेकरू चढाईआधी इथे अंघोळ करायचे. आता तळ्यात उतरायचं नाही, पण काठावर पाणी भरून घ्यायची जागा आहे. पिणार असाल तर उकळून घ्या. विमानाने नेणार असाल तर बाटली मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेतून काढून घेतील.

आईने अर्धा लिटर नेलं. उकळलं वगैरे काही नाही. सांगलीच्या घरी देवघरात गंगेच्या गडूशेजारी ती जपानी चहाची प्लास्टिकची बाटली ठेवली आहे, लेबलासकट.